अकरावं रीळ

३ ऑगस्ट १९५९, सोमवार. अहमदी

पोचलो एकदाचा! मुंबईहून निघाल्यापासून बोटीच्या डेकवर जो उलट्या करत होतो तो काल बंदराला लागेपर्यंत. बाणकोटचा पोर, खाडीच्या पाण्यात वाढलेला, खलाशाचा मुलगा, आणि बोट लागते. आईला हे कळवणार नाही. मोहल्ला हसेल.

आल्याआल्या उन्हाने असं थोबाडलं की क्षणभर परत बोटीत चढावंसं वाटलं. पण अहमदी गाव बघून जीव हरखला. अरबी वाळवंटाच्या मधोमध तेल कंपनीने हे गाव वसवलंय. सरळ रस्ते, बंगल्यांपुढे हिरवी कुंपणं, प्रत्येक झाडाला पाण्याचा नळ. लांब क्षितिजावर तेलविहिरींचा वायू जळत असतो, त्या ज्वाळा दिवसासुद्धा दिसतात. मी ज्यांच्याकडे कामाला आलो ते ऑल्डरसन साहेब कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. बंगल्यात एकटेच राहतात. मागच्या अंगणात माझी खोली, आणि खोलीत गार हवेचं मशीन! सुलतान झाल्यासारखं वाटतंय.

साहेबांचा खानसामा अशरफ श्रीवर्धनचा निघाला. वयाने पन्नाशीचा, पोट सुटलेलं, जीभ त्याहून सुटलेली. मला बघून म्हणाला, की एवढा लुकडा टायपिस्ट मशीनची कळ दाबतो की कळच त्याला दाबते? मी सांगितलं, मिनिटाला साठ शब्द, डोळे मिटून. मग सुरमई तळून वाढली. माणूस झकास आहे.

काम सोपं आहे. साहेब लढाईत विमानदळात होते. त्या आठवणींचं पुस्तक करायचंय, ते मी टाईप करायचं. एकच गोष्ट चमत्कारिक. मुंबईच्या एजंटने मला स्पीड विचारलाच नाही. गाव कुठलं आणि घरी काय बोलता, एवढंच विचारून कागदावर सही घेतली.

५ ऑगस्ट, बुधवार

कामाची पद्धत लिहून ठेवतो. साहेब रात्री टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलतात. मी दुपारी दोन ते पाच कानाला हेडफोन लावून ते ऐकतो आणि टाईप करतो. पायाखाली पेडल आहे, ते दाबलं की टेप थांबते. दहा रिळं भरून तयार आहेत, नंबर घातलेले. अकरावं वेगळ्या डब्यात आहे. ते शेवटी, असं साहेब म्हणाले.

दुपारीच का, तर तेव्हा अख्खं अहमदी झोपलेलं असतं, गडबड नसते. पडदे ओढलेले, गार हवेच्या मशीनची घरघर, आणि मधोमध एक हे एवढं टेबल, हिरव्या कापडाने झाकलेलं. साहेबांनी स्वतः कापड काढून दाखवलं. खाली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचा नकाशा. लढाईत अशाच टेबलापाशी त्यांची ड्युटी असे. पोरी लांब काठ्यांनी रंगीत सोंगट्या सरकवायच्या. एक सोंगटी म्हणजे जर्मन विमानांचा एक थवा. साहेब वरच्या गॅलरीतून बघायचे आणि आपली विमानं कुठे धाडायची ते फोनवर सांगायचे.

साहेबांनी एक ताकीद दिली. जे ऐकू येईल ते सगळं टाईप करायचं. खोकला, थांबणं, काही गाळायचं नाही, सुधारायचं नाही. मी म्हटलं, साहेब, माझी बोटं डोक्याला विचारत नाहीत. त्यावर ते हसले नाहीत. उंच, वाळलेला माणूस आहे. बोलताना तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या पायाखालच्या जमिनीकडे बघतो.

९ ऑगस्ट, रविवार

चार रिळं झाली. काय सांगतात साहेब! टाईप करता करता चहा गार होतो. सन चाळीसचा उन्हाळा. जर्मनांनी ठरवलेलं की आधी इंग्रजांची विमानतळं मोडायची, मग सैन्य उतरवायचं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं दिवसातून चारदा वर जायची. खाली उतरून गवतावर बूट घालूनच झोपायची. एक जण बशीत तोंड ठेवून झोपला, अंड्यासकट. ऑपरेशन्सच्या खोलीत कर्ण्यावर त्यांचं वरचं बोलणं ऐकू यायचं. एक पोरगा शिव्या द्यायचा, पोरी लाजायच्या. एके दिवशी शिवी अर्ध्यावर तुटली. पोरींनी सोंगट्या सरकवणं थांबवलं नाही.

आणि गावातली माणसं! वर विमानं भांडतायत आणि खाली एक बाई धुणं वाळत घालतेय. पोरं काडतुसांच्या पुंगळ्या वेचून शाळेत अदलाबदल करतायत.

आता मनातलं लिहितो. त्याच साली, त्याच दिवसांत माझे बाबा लंडनच्या गोदीत होते. अब्बास हमदुले, बोटीवर आगवाला, बॉयलरात कोळसा घालायचे. मी पाच वर्षांचा. ऑगस्टात त्यांचं शेवटचं पत्र आलं. मग बोट परत आली, बाबा आले नाहीत. त्यांच्याबरोबरचे सात कोकणी खलाशीही नाहीत. बोटीच्या ऑफिसने मुंबईत सांगितलं, आठही जण जहाज सोडून पसार. अशी माणसं पळून तिकडेच राहतात म्हणे, मड्डम करतात.

आईने एकोणीस वर्षं हे ऐकलंय. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "जमिला, सवतीचं पत्र आलं काय गो?" मेल्याची खबर नाही म्हणून ती इद्दतीला, विधवेच्या सुतकाला, बसली नाही, हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत, त्यांच्या नावाने मयतासाठीची फातेहा कधी पढली गेली नाही. निघताना मला म्हणाली, तिकडे गोरे लोक असतील, कुणाला तरी विचार. गेला असेल तर त्याला दुआ पोचू दे. पळाला असेल तर तेही सांग, मी काय मरत नाही. विचारायचं तर विचारणार कुणाला, आणि कसं?

१८ ऑगस्ट, मंगळवार

नववं रीळ. आज एक विचित्र प्रकार झाला. पान मशीनमधून काढलं तर मजकुराच्या मध्ये टिंबं. तीन टिंबं, मोकळी जागा, तीन टिंबं. अर्ध्या ओळीपर्यंत. मी कधी टाईप केली आठवेना. रीळ मागे फिरवून ऐकलं. साहेबांच्या बोलण्यामागे लांबून ठकठक येत होती. टक टक टक, थांबणं, टक टक टक. दगडावर लोखंड आपटल्यासारखी.

साहेबांना दाखवलं. वाटलं रागावतील. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. मग विचारलं, एवढंच का? मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

अशरफ म्हणतो, नळाच्या पायपातून येत असेल. पण तो स्वतः टेपरेकॉर्डर चालू असताना त्या खोलीत पाय ठेवत नाही, हे मी बघितलंय. चहाचा ट्रे उंबऱ्याबाहेर ठेवून पळतो. चिडवलं तर म्हणाला, माझ्या पायाला गार हवा सोसत नाही. खोटारडा.

२२ ऑगस्ट, शनिवार

दहावं रीळ.

शनिवार, सात सप्टेंबर, एकोणीसशे चाळीस. साहेब सांगतात की त्या आठवड्यापर्यंत विमानतळं मोडत आली होती. अजून दहा-बारा दिवस असेच गेले असते तर सगळं संपलं असतं. त्या दुपारी टेबलावर एवढ्या सोंगट्या आल्या की काठ्या एकमेकींना अडकू लागल्या. सगळे श्वास रोखून उभे. आता आपल्यावर पडणार. आणि सोंगट्या वळल्याच नाहीत. सरळ लंडनवर गेल्या, गोद्यांवर. साहेबांच्या लक्षात आलं की विमानतळं वाचली. आता विमानदळाला श्वास घ्यायला उसंत मिळेल, आता आपण हरत नाही. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

टेपवर साहेब इथे थांबतात. मग म्हणतात, पहिली टाळी माझी होती.

माझी बोटं चालत होती. पान भरलं, दुसरं घातलं, तेही भरलं. मग मी बाहेर येऊन अंगणात ओकलो. अशरफने पाठ चोळली. त्याला सांगितलं की माझे बाबा त्या टाळ्यांच्या खाली होते. त्याने लिंबूपाणी आणून दिलं. साहेबांचं नरडं धरावंसं वाटलं. आणि लगेच वाटलं, म्हणजे बाबा पळाले नसतील. अल्ला माफ करो, मला आनंद झाला.

२५ ऑगस्ट, मंगळवार

अकरावं रीळ.

साहेबांनी स्वतः लावलं. म्हणाले, यावर मी बोललेलो नाही, खोली रिकामी असताना मशीन नुसतं चालू ठेवलं होतं. तू ऐक. आणि निघून गेले.

आधी नुसती खरखर. मग ती ठकठक, पण आता जवळून. आणि मग एका म्हाताऱ्या माणसाने, थकलेल्या आवाजात, अगदी कानाशी म्हटलं, अस्सलामु अलैकुम.

मी वालेकुम सलाम म्हणून गेलो. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सलाम कानावर पडला आणि जवाब दिला नाही असं आमच्यात होत नाही, झोपेतसुद्धा तोंडातून निघतो. टेपला सलाम केला म्हणून स्वतःचंच हसू आलं, आणि तेवढ्यात ठकठक थांबली.

खरखरही थांबली. आणि मग तो म्हातारा ओरडला, "आरं, वर कोनतरी हाय! जवाब दिलान!"

मग सात-आठ माणसं एकदम बोलू लागली, एकमेकांवर. आपल्याकडची बोली, आपले हेल. कुणी रडत होता, कुणी हसत होता, कुणी अल्लाचं नाव घेत होता. मी हेडफोन फेकून दिला. टेप फिरत होती. तासापूर्वी डब्यातून काढलेली टेप! माझा सलाम तिला कळला कसा?

२६ ऑगस्ट, बुधवार

कालचं पान आज बघितलं. इंग्रजी अक्षरांत कोकणी बोली, ओळीच्या ओळी. माझ्याच बोटांनी टाईप केलेली. ऐकू येईल ते सगळं.

ते आठ जण आहेत. गोदीतल्या गोदामाखालच्या तळघरात. विमानं आल्याचा भोंगा झाला म्हणून आत शिरले, मग वर मोठा आवाज झाला आणि दार दबलं. लोखंडाच्या कांबीने ते भिंत ठोकतायत. म्हातारा त्यांचा सारंग आहे, म्हणजे बोटीवरचा मुकादम. आज मी पुन्हा हेडफोन लावला. जायला नको होतं, पण गेलो. सारंगने एकेकाला नाव सांगायला लावलं, म्हणजे वरचा माणूस लिहून घेईल. हर्णै, दाभोळ, वेळास. सहाव्या आवाजाने सांगितलं, अब्बास हमदुले, बाणकोट, किल्ल्याखालचा मोहल्ला.

बाबांचा आवाज मला आठवत नव्हता. तरुण आहे. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा वाटतो.

पळाले नव्हते! माझे बाबा पळाले नव्हते. मी मशीनवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. आईला आजच लिहितो.

२९ ऑगस्ट, शनिवार

साहेबांना जाब विचारला. नोकरी गेली तर गेली म्हटलं. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं.

सात तारखेनंतर दुसऱ्या दिवशी त्यांना चार तासांची सुटी मिळाली. आपण कशाला टाळ्या वाजवल्या ते बघायला ते गोदीवर गेले. सगळं जळत होतं. एका पडलेल्या गोदामापाशी त्यांना ढिगाऱ्याखालून ठकठक ऐकू आली. जवळ कुणी नव्हतं. बचाववाले दोन गल्ल्या पलीकडे होते, पळत जाऊन बोलवायला पाच मिनिटं लागली असती. साहेबांनी घड्याळ बघितलं. ड्युटीची वेळ होत आली होती. ते गाडीत बसले. कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ठकठक त्यांच्या मागे आहे. लंडन सोडलं, देश सोडला, इथे वाळवंटात आले. त्यांना नुसती ठकठकच ऐकू येते. माझ्याआधी एक गोवेकर टायपिस्ट होता, त्याला टेपवर बोलणं ऐकू आलं. तो म्हणाला, माझ्या बोलीच्या जवळचं आहे पण माझं नाही, रत्नागिरीकडचं असेल. आणि दुसऱ्या दिवशी सामान घेऊन निघून गेला. म्हणून साहेबांनी रत्नागिरीचा माणूस मागवला. माझे बाबा त्यांतले एक, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा खुर्चीत मटकन बसले.

मग हळूच विचारलं, ते माझ्याबद्दल काय म्हणतात? मी खरं तेच सांगितलं. साहेब, ते तुमचं नावही घेत नाहीत. फक्त एकच विचारतात, धोका टळल्याचा भोंगा झाला का? त्यांना वाटतंय अजून तीच रात्र आहे.

१ सप्टेंबर, मंगळवार

आईचं पत्र लिहून तयार आहे, पण टाकवत नाही. काय लिहू? बाबा वारले? रोज दुपारी जो माणूस माझ्याशी बोलतो, त्याच्या मयतीची खबर कशी लिहू? आई बांगड्या फोडेल आणि ते इथे विचारतायत की माझी बायको कशी आहे, कुणी बाणकोटचं भेटलं तर सलाम सांगा.

मी त्यांना सांगितलंय की मी एक टायपिस्ट आहे, बस्स. नाव सांगितलं नाही.

आज अशरफ हिंमत करून दारात आला. मी हेडफोन लावून बोलत होतो. त्याने खुणेने दाखवलं. टेपरेकॉर्डरची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली. रिळं फिरत नव्हती. त्याने मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाला, पोरा, ही रुहांची, मेलेल्यांची भानगड आहे, माझ्याबरोबर फाहाहीलला चल, तिथे आपली माणसं आहेत, मौलवी आहे. मी म्हटलं, जाईन. पण बाबांना अर्ध्यावर सोडून कसा जाऊ? एक गोरा असाच गेला होता.

३ सप्टेंबर, गुरुवार

ठकठक आता हेडफोनशिवाय येते. टेबलाखालून. कापड उचलून बघितलं, फरशी. फरशीखाली वाळू. अशरफ म्हणतो, अख्ख्या अहमदीत एकाही घराला तळघर नाही.

सारंगने आज सांगितलं की हवा कमी होतेय. एकोणीस वर्षं त्यांची हवा कमीच होतेय. हे थांबवायचं तर कुणीतरी त्यांना सांगायला हवं की सगळं संपलं. लढाई संपली, इंग्रज जिंकले, भोंगा कधीचाच झाला, आणि तुम्ही— हे मीच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला ते ऐकतील?

सांगितलं की ते सुटतील, आईचीही सुटका होईल. मग पत्र टाकता येईल, फातेहा होईल.

आज तीनदा तोंड उघडलं. बापाला तोंडावर कसं सांगायचं की तुम्ही मेलात? आमच्या घरात मोठ्या माणसापुढे आवाज चढवून बोलायचीसुद्धा रीत नाही. प्रत्येक वेळी मी विचारलं, पाणी आहे का? ते म्हणाले, आहे थोडं.

५ सप्टेंबर, शनिवार

चूक केली. फार मोठी चूक केली.

बाबा आपल्या पोराबद्दल बोलत होते. त्याला एक लाकडी होडी करून देणार आहेत. म्हणाले, पोर फार खोडकर आहे, पाण्यापाशी एकटा जातो, मला इथे झोप लागत नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, बाबा, मीच मुनव्वर.

ठकठक थांबली.

मला वाटलं त्यांना कळलं. आता मोठ्या झालेल्या पोराचा आवाज ऐकून सगळं कळेल, मला सांगावंच लागणार नाही. पण बाबांच्या आवाजात असा घोर होता, असा घोर मी कुणाच्या आवाजात ऐकला नाही. ते म्हणाले, "तू हिकडं कसा आलास रे? कोनासंगती आलास?"

त्यांच्यासाठी मी अजून पाच वर्षांचाच आहे. त्यांना वाटतंय, त्यांचा पोर बाहेर एकटा उभा आहे. गोदीत. आगीत. वर विमानं—

मी सांगत राहिलो, बाबा, मी मोठा झालो, इथे विमानं नाहीत. ते ऐकतच नाहीत. सारंगला ओरडून सांगतायत की दार आतून तोडा, माझा पोर बाहेर आहे.

एकोणीस वर्षं ते बाहेर येण्यासाठी ठोकत होते. आता मला आत घेण्यासाठी ठोकतायत.

६ सप्टेंबर, रविवार

अशरफने काल संध्याकाळी फाहाहीलला नेलं. आपल्या लोकांची खोली, सहा जण, भात, बांगड्याचं कालवण. मौलवीने दुआ पढून अंगावर दम फुंकला, पाणी दिलं. रात्र बरी गेली.

सकाळी जेवायच्या चटईखालून सुरू झालं. आता तीन-तीन नाही. सारखं, न थांबता. बाकी कुणाला ऐकू येत नाही. मी कान दाबले, आतही तेच. अशरफ माझ्याकडे बघून रडायला लागला, मला त्याची दया आली.

म्हणजे लांब जाऊन उपयोग नाही. साहेब किती लांब आले होते. सांगूनच टाकायला हवं. उद्या.

ऑल्डरसन साहेब कुठे आहेत ठाऊक नाही. अशरफला चिठ्ठी सापडली, खैरानला समुद्रावर जातो म्हणून. पुन्हा गाडीत बसले.

७ सप्टेंबर, सोमवार. दुपार

बंगल्यावर आलो. अशरफ नको म्हणत होता. त्याच्या हातात आईचं पत्र दिलं, आधीचं फाडून नवं लिहिलं. एकच ओळ. आई, बाबा पळाले नव्हते. बाकीचं उद्या लिहीन म्हणून खाली लिहिलंय. त्याला टपालात पाठवलं. तो गेला, मागे वळून बघत गेला.

वही टेबलावर घेऊन बसलोय. ऐकू येईल ते सगळं लिहून ठेवतो.

चार वाजले. ठकठक नाही. आता दगड सरकवल्याचा आवाज.

खोलीत गरम होतंय. गार हवेचं मशीन तर चालू आहे. वास— जळलेल्या साखरेचा, रबराचा. गोदामात साखर असेल.

पडद्यावर लाल उजेड. तेलविहिरींच्या ज्वाळा असतील. इतक्या जवळ नव्हत्या.

वरून घरघर. खूप. मी वर बघत नाही.

टेबलाखाली फरशी नाही. पायऱ्या आहेत. खाली दार. दाराच्या फटीतून कंदील दिसतो.

सांगतो आता. बिस्मिल्ला. बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. भोंगा झालाय. कधीच झालाय. तुम्ही आता कुठेही— नाही, असं नाही. बाबा, तुम्ही—

दार आतून उघडलं.

किती तरुण आहेत. तोंडावर काजळी. गुडघ्यावर बसलेत, कारण मी एवढासाच असेन असं त्यांना— हात पुढे केलाय. माझ्याकडे बघून एवढा आनंद कुणाला झाला नव्हता. कधीच नाही.

मी म्हटलं, बाबा, ऐका ना, तुम्ही वारलात. म्हटलं. खरंच म्हटलं मी. वर मोठा आवाज झाला, त्यात बुडालं. ते म्हणतात काय, काय म्हनलास? आत येऊन सांग.

पुन्हा म्हणवत नाही. हात धरलाय त्यांनी. हात गरम आहे. मेलेल्या माणसाचा हात असा

सारंग सलाम करतोय. सगळे भिंतीला सरकून बसलेत, पाय आखडून. माझ्यापुरती जागा केली.

वाकून चपला काढायला लागलो तर म्हणाले, असू दे बाळा, चपला असू दे, आधी आत